मोटर नुसती गुणगुणतेय, फिरत नाही? रिवाइंडिंगला टाकण्याआधी हे तपासा

उन्हाळ्यात घरोघरी दिसणारं दृश्य. पंख्याचं बटण दाबलं की पंखा नुसता घूं घूं करतो, पाती काही हलत नाहीत. मग कोणीतरी खुर्चीवर चढून झाडूच्या दांड्याने पात्याला हळूच ढकलतं आणि पंखा निमूटपणे फिरायला लागतो. दोन दिवसांनी इलेक्ट्रिशियन येतो, अडीच मायक्रोफॅरडचा एक छोटासा कंडेन्सर बदलतो आणि विषय संपतो.

आता हेच तुमच्या गॅरेजमधल्या ड्रिल मशीनचं, लाकूड कापायच्या कटरचं किंवा छोट्या लेथचं झालं तर? बटण दाबलं, मोटर गुणगुणली, फिरली नाही. तिथे मात्र लगेच निकाल लागतो, "मोटर जळाली, रिवाइंडिंग करावं लागेल." कधी ते खरं असतं. पण बऱ्याचदा काही शे रुपयांत होणाऱ्या कामाला काही हजार मोजले जातात.

घरी छोटं वर्कशॉप थाटणाऱ्यांची संख्या वाढतेय. कोणी फर्निचर करतं, कोणी जुन्या गाड्या दुरुस्त करतं, कोणी निवृत्तीनंतर लेथ घेतं. या मशीन बिघडल्या की नेमकं कुठून सुरुवात करायची, काय स्वतः तपासायचं आणि कुठे हात आखडता घ्यायचा, ते एकेक करून पाहू.

मोटर गुणगुणते का?

घरात येते ती सिंगल फेज वीज, २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ. या विजेची गंमत अशी की ती मोटरमध्ये फिरणारं चुंबकीय क्षेत्र तयार करत नाही. नुसतं एकाच रेषेत मागे-पुढे होणारं क्षेत्र तयार करते.

पायाने चालवायचं शिलाई मशीन आठवा. पायटा दाबला तरी कधी कधी चाक अडून बसतं. हाताने चाकाला थोडा झटका दिला की ते सुरू होतं आणि पुढे पायाच्या जोरावर चालत राहतं. झटका उलटा दिला तर चाकही उलटं फिरतं.

सिंगल फेज मोटरचं अगदी तसंच आहे. सुरुवातीचा झटका मिळाला की ती पळते, पण तो झटका कोणीतरी द्यावा लागतो. त्यासाठी मोटरमध्ये मुख्य वाइंडिंगच्या जोडीला एक दुसरं, स्टार्टिंग वाइंडिंग असतं. कंडेन्सर त्यातल्या करंटची वेळ थोडी पुढे सरकवतो. दोन वाइंडिंगच्या वेळा वेगळ्या झाल्या की क्षेत्र फिरायला लागतं आणि मोटरला हवा तो झटका मिळतो.

म्हणजे मोटर गुणगुणत असेल तर त्यातून एक चांगली बातमी कळते. मुख्य वाइंडिंगपर्यंत वीज पोहोचतेय. अडलंय ते सुरुवातीच्या झटक्यात, किंवा मोटरला पुढून काहीतरी धरून ठेवतंय.

पण एक लक्षात ठेवा. अडकलेली मोटर नेहमीच्या पाच ते सात पट करंट ओढते. त्यामुळे "बघू, होईल सुरू" म्हणत बटण दाबून ठेवलं तर चांगली मोटरही खरोखर जळते. गुणगुण ऐकू आली की दोन-तीन सेकंदांत बटण बंद करायचं. आणि पंख्याला चालतो तो दांड्याचा प्रयोग कटर, ड्रिल किंवा ग्राइंडरवर कधीच करायचा नाही. मोटर एकदम उचलली की बोटं मागे घ्यायला वेळ मिळत नाही.

झाकण उघडण्याआधी

बटण बंद करणं पुरेसं नाही. प्लग सॉकेटमधून बाहेर काढायचा आणि तो आपल्याला दिसेल असा समोर ठेवायचा. स्विचचं वायरिंग उलटं झालेलं असेल तर बटण बंद असतानाही मोटरपर्यंत फेज येत असतो.

दुसरी गोष्ट, प्लग काढला तरी कंडेन्सरमध्ये वीज साठून राहू शकते. त्याची दोन टोकं स्क्रूड्रायव्हरने जोडून ठिणगी काढायची सवय अनेकांना असते. त्यात कंडेन्सर खराब होतो आणि डोळ्यालाही धोका असतो. त्याऐवजी होल्डरमध्ये जुना तारेचा बल्ब लावा. त्याच्या दोन्ही वायरींची धातूची टोकं न शिवता ती कंडेन्सरला काही सेकंद टेकवा. मग मल्टिमीटरने व्होल्टेज शून्यावर आलंय याची खात्री करा आणि नंतरच हात लावा.

तिसरं काम सगळ्यात सोपं. वायर सोडवण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. कोणती वायर कुठे होती हे नंतर आठवत नाही. स्टार्टिंग वाइंडिंगची टोकं अदलाबदल झाली तर मोटर उलटी फिरते. कटरची चकती उलटी फिरली तर तिचा नट सैल होऊन चकती निसटू शकते.

सगळ्यात उपयोगी चाचणी: पट्टा काढा

मोटर आणि मशीन पट्ट्याने जोडलेली असेल तर आधी पट्टा उतरवा. अर्धा प्रश्न इथेच सुटतो.

प्लग काढलेला असताना मोटरची पुली आणि मशीनची पुली वेगवेगळी हाताने फिरवून बघा. मशीनची पुली जड जात असेल, अडखळत असेल तर बिघाड विजेचा नाहीच. बेअरिंग सुकलंय, चकतीत लाकडाचा तुकडा अडकलाय किंवा लेथचा गिअर अर्धवट पडलाय.

मोटरची पुली जड असेल किंवा आतून खरखर येत असेल तर मोटरचं बेअरिंग गेलंय. शाफ्ट वर-खाली हलत असेल तर आतला रोटर बाहेरच्या स्टेटरला घासू लागतो. तेव्हाही मोटर गुणगुणते आणि अडून बसते.

दोन्ही मोकळ्या फिरत असतील तर पट्ट्याशिवाय नुसती मोटर चालू करून बघा. ती व्यवस्थित उचलली तर वाइंडिंगवर संशय घेण्याचं कारण नाही. दोष पट्ट्याच्या पलीकडे आहे किंवा व्होल्टेज कमी पडतंय. मोकळी असूनही ती गुणगुणतच राहिली तर मात्र कंडेन्सरकडे वळायचं.

कंडेन्सर आणि आतला स्विच

स्टार्टिंगचा कंडेन्सर बहुतेक वेळा काळ्या डब्यात, मोटरच्या पाठीवर कुबडासारखा बसवलेला असतो. फुगलेला, तडकलेला किंवा तेलकट गळालेला दिसला तर पुढची चाचणी करायची गरजच नाही. दिसायला चांगला असेल तर डिस्चार्ज करून एक वायर सोडवा आणि मायक्रोफॅरड मोजणाऱ्या मल्टिमीटरवर तपासा. डब्यावर ८० ते १०० लिहिलं असेल आणि मीटर ३० दाखवत असेल तर दोषी सापडला.

नवीन आणताना मायक्रोफॅरडचा आकडा जुन्याइतकाच घ्यायचा. व्होल्टचा आकडा तेवढाच किंवा जास्त चालतो, कमी चालत नाही. "मोठा घातला की जोर वाढेल" हा गैरसमज आहे. जास्त मायक्रोफॅरडने वाइंडिंग तापतं. स्टार्टिंगचा आणि रनिंगचा कंडेन्सरही वेगळा असतो. पहिला काही क्षणांपुरता कामाला येतो, दुसरा मोटर चालू असेपर्यंत. स्टार्टिंगचा रनिंगच्या जागी लावला तर तो थोड्याच वेळात तापून फुटू शकतो. पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लोहार चाळ अशा बाजारात जाताना जुना कंडेन्सर सोबत न्या.

कंडेन्सर चांगला निघाला तर पुढचा संशयित म्हणजे सेंट्रिफ्यूगल स्विच. मोटरने साधारण पाऊण वेग गाठला की हा स्विच स्टार्टिंग वाइंडिंगचं कनेक्शन तोडतो. तो दोन प्रकारे बिघडतो.

पहिला प्रकार, त्याचे पॉइंट जुळतच नाहीत. मग मोटर गुणगुणते आणि उचलत नाही. लाकडाच्या भुश्यात चालणाऱ्या मशीनवर हे हमखास होतं. दुसरा प्रकार, पॉइंट चिकटून बसतात आणि सुटत नाहीत. मग मोटर फिरते, पण आवाज जड येतो, ती लवकर तापते आणि नवा घातलेला कंडेन्सरही थोड्या दिवसांत फुगतो. "दर महिन्याला कंडेन्सर जातोय" अशी तक्रार असेल तर दोष कंडेन्सरचा नसून या स्विचचा असण्याची शक्यता मोठी.

तो कामात आहे का हे कानानेही कळतं. चांगली मोटर बंद केल्यावर वेग उतरताना आतून एक बारीक 'टिक' ऐकू येते. स्विच परत जागेवर बसल्याचा तो आवाज. असा स्विच असलेल्या मोटरमध्ये टिक ऐकू आली नाही तर तो उघडून भुसा साफ करा आणि पॉइंट बारीक पॉलिश पेपरने हलके घासा. छोट्या ग्राइंडरमध्ये आणि पंख्यात हा स्विच नसतोही, त्यामुळे तिथे टिक ऐकू आली नाही म्हणून घाबरू नका.

बटण दाबलं, काहीच आवाज नाही

इथे सुरुवात मशीनपासून नाही, सॉकेटपासून करायची. त्याच सॉकेटमध्ये इस्त्री लावून बघा. इस्त्री नीट तापली तर सॉकेट चांगला.

नुसत्या टेस्टरवर विसंबू नका. न्यूट्रल तुटलेला असला तरी फेजवर टेस्टर पेटतो. वायर आतून जळून एका केसाएवढीच जोडलेली असली तरीही पेटतो. तिथे व्होल्टेज आहे एवढंच टेस्टर सांगतो. मोटर चालवण्याइतका करंट त्या वायरमधून जाईल की नाही, हे त्याला कळत नाही.

सॉकेट चांगला असेल तर प्लगच्या आतले स्क्रू, वायर जिथे वाकते ती मशीनजवळची जागा आणि शेवटी मशीनचा स्विच बघा. काही मोटरांवर लाल बटणाचा ओव्हरलोड असतो. मोटर तापली की तो उडतो. थंड झाल्यावर दाबला की परत बसतो. पण तो वारंवार उडत असेल तर बटण दाबत बसण्याऐवजी मोटर का तापतेय ते शोधा.

काही मशीनवर हिरवं-लाल जोडीचं बटण असतं. लाइट गेली की ते आपोआप सुटतं आणि लाइट आल्यावर पुन्हा दाबावं लागतं. "हे सारखं बंद पडतं" म्हणून अनेक जण ते काढून साधा स्विच बसवतात. तसं करू नका. लाइट गेली, तुम्ही कटरवरचा तुकडा काढायला हात घातला आणि नेमकी तेव्हाच लाइट आली तर काय होईल याचा विचार करा. ते बटण त्याच क्षणासाठी आहे.

चालू होते, पण लोड आला की मान टाकते

मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. २३० च्या जागी १८० व्होल्ट मिळाले तर व्होल्टेज साधारण २२ टक्क्यांनी उतरलं. पण जोर मात्र जवळपास ४० टक्क्यांनी उतरतो. संध्याकाळी गावाचा लोड वाढल्यावर मशीन उचलत नाही आणि दुपारी झकास चालते, त्यामागे बहुतेक हेच असतं.

दुसरा गुन्हेगार म्हणजे बारीक वायरची लांबलचक एक्स्टेन्शन. १ चौरस मिलिमीटर तांब्याची २० मीटर वायर घेतली तर जाण्या-येण्याची मिळून ४० मीटर होते. मोटर सुरू होताना ३० अँपिअर ओढत असेल तर त्या वायरमध्येच २० व्होल्टहून जास्त खर्ची पडतात. तीच वायर अडीच चौरस मिलिमीटरची घेतली तर खर्च ९ व्होल्टच्या आसपास येतो. एक्स्टेन्शनचा गुंडाळा तसाच ठेवून मशीन चालवली तर वायर आतल्या आत तापते, हे वेगळंच.

व्होल्टेज नीट असूनही दम लागत असेल तर पट्टा बघा. व्ही पट्टा पुलीच्या दोन्ही बाजूंना चिकटून जोर देतो, तळाला टेकून नाही. पुलीच्या खाचेचा तळ चकाकत असेल तर पट्टा झिजून खाली बसलाय आणि घसरतोय. पट्ट्यावर 'ए-३६' असं काहीतरी लिहिलेलं असतं. 'ए' म्हणजे वरची रुंदी १३ मिलिमीटर, आकडा म्हणजे आतली लांबी इंचात. 'बी' पट्टा १७ मिलिमीटरचा असतो. एकाच्या जागी दुसरा चालत नाही.

ताण किती ठेवायचा? दोन पुलींच्या केंद्रांत साधारण एक फूट अंतर असेल तर मध्यभागी अंगठ्याने दाबल्यावर पट्टा ५ मिलिमीटरच्या आसपास दबायला हवा. त्याहून ढिला असेल तर घसरतो. तारेसारखा ताणला तर बेअरिंग खातो. दोन्ही पुली एका रेषेत आहेत का, हे त्यांच्या कडेला सरळ पट्टी लावून कळतं.

मोटर मोकळ्या आवाजात पळतेय आणि मशीन फिरतच नाही, असं असेल तर पुलीचा ग्रब स्क्रू ढिला झालाय किंवा शाफ्टमधली चावी निसटलीय. पान्हा फिरवला की काम होतं.

एमसीबी पडतो की आरसीसीबी?

दोन्ही पडले की लाइट जाते, पण अर्थ वेगळा. बोर्डावर नेमकं काय पडलंय ते आधी बघा.

एमसीबी पडतो तो जास्त करंटमुळे. मशीन सुरू होताना क्षणभरच पडत असेल तर त्याचा प्रकार तपासा. 'बी' प्रकारचा एमसीबी त्याच्या आकड्याच्या तीन ते पाच पट करंटला तत्काळ पडतो, 'सी' प्रकारचा पाच ते दहा पटीला. मोटरसाठी 'सी' योग्य. पण १६ च्या जागी ३२ अँपिअरचा एमसीबी टाकणं हा उपाय नाही. एमसीबी भिंतीतल्या वायरला वाचवतो. तो मोठा केला की आधी वायर जळते.

आरसीसीबी पडतो तो वीज गळतीमुळे. घरगुती आरसीसीबी ३० मिलिअँपिअरच्या गळतीला पडतो. पावसाळ्यात बंद पडून राहिलेली मशीन दमट होते आणि वाइंडिंगमधून बॉडीला गळती सुरू होते. ५०० व्होल्टच्या मेगरवर वाइंडिंग आणि बॉडीमधला रेझिस्टन्स किमान १ मेगाओम तरी यायला हवा. कमी आला तर मोटर कोरड्या उबदार जागी सुकवून पुन्हा मोजतात. तरीही सुधारला नाही तर मात्र रिवाइंडिंगची वेळ आली.

आरसीसीबी "सारखा त्रास देतो" म्हणून बायपास करणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे. मशीनच्या बॉडीला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर त्याच क्षणी काम थांबवा. याचा अर्थ गळती आहे आणि अर्थिंगही धड नाही. जुन्या घरांत तीन पिनचा सॉकेट असतो, पण त्याच्या वरच्या पिनला मागे वायरच जोडलेली नसते. ते इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.

हातातली ड्रिल आणि अँगल ग्राइंडर

यांच्या मोटरमध्ये कंडेन्सरचा झटका लागत नाही. यात कार्बन आणि आर्मेचर असतं. मशीन थांबत-थांबत चालते, थोपटलं की सुरू होते, अशी लक्षणं असतील तर पहिला संशय कार्बनवर. दोन्ही कार्बन एकदमच बदलायचे. कार्बनजवळ बारीक निळसर ठिणग्या दिसणं नेहमीचं आहे. पण आर्मेचरभोवती ठिणग्यांचं कडंच दिसत असेल आणि जळका वास येत असेल तर नवीन कार्बन घालून उपयोग नाही. आर्मेचर दाखवावं लागेल.

इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह असेल तर

छोट्या लेथवर वेग कमी-जास्त करायचं बटण असतं. अशी मशीन मुकी झाली तर कार्डाला दोष देण्याआधी दोन गोष्टी करा. वेगाचं बटण पूर्ण शून्यावर आणून मग चालू करा. अनेक मशीन त्याशिवाय सुरूच होत नाहीत. आणि चकवरचं संरक्षक झाकण नीट बंद करा. त्याखालचा छोटा स्विच दबला नाही तर मशीन अडवून धरते.

काही जण थ्री फेज मोटर घरच्या विजेवर चालवण्यासाठी व्हीएफडी बसवतात. त्याच्या आत २३० व्होल्टचे साधारण ३२५ व्होल्ट डीसी होतात आणि प्लग काढल्यावरही काही मिनिटं टिकतात. मॅन्युअलमध्ये लिहिलेला वेळ थांबल्याशिवाय झाकण उघडू नका. व्हीएफडी आणि मोटर यांच्या मधे स्विच लावून चालू-बंद करू नका, त्याने ड्राइव्ह उडू शकतो. चालू-बंद व्हीएफडीच्या कंट्रोलवरूनच करा. कमी वेगावर मोटर तापत असेल तर तिचा पंखाही तिच्याच शाफ्टवर हळू फिरतोय, हे विसरू नका.

कधी थांबायचं?

जळका वास, वाइंडिंगवर काळे पडलेले पट्टे, बॉडीला शॉक, किंवा पुन्हा पुन्हा पडणारा आरसीसीबी. यापैकी काहीही असेल तर घरगुती तपासणी तिथेच संपवा.

पण मेकॅनिककडे जातानाही रिकाम्या हाताने जाऊ नका. मोटरच्या नेमप्लेटचा फोटो आणि तुम्ही काय तपासलंत त्या चार ओळी सोबत ठेवा. "मोटर बंद पडलीय" असं सांगणाऱ्याला रिवाइंडिंगचा खर्च सांगितला जातो. "पट्टा काढला तरी गुणगुणते, कंडेन्सर मीटरवर बरोबर दाखवतोय, बंद करताना टिक ऐकू येत नाही," असं सांगणाऱ्याची मोटर आधी उघडून बघितली जाते.